नोकरीचा अर्ज : विशेषणं कमी, काम जास्त!

पूर्वी मुलगी नोकरीला लागली की घरात फारसं समजावून सांगावं लागत नसे. शाळा, बँक, पोस्ट, दवाखाना. नाव घेतलं की काम कळत असे. आता नात पेढे घेऊन येते आणि सांगते, "आजी, मी यूएक्स डिझायनर झाले!" आजी पेढा तोंडात टाकते, चष्मा वर सरकवते आणि विचारते, "छान झालं हो. पण तू नक्की करतेस तरी काय?"

आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरही तसं अवघड नाही. आपण फोनवरून विजेचं बिल भरतो, तेव्हा कुठलं बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, पैसे पोचले की नाहीत हे कसं कळावं, हे सारं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. मुलांच्या खेळातलं माकड उड्या मारतं, सिनेमात कोरड्या नदीला पूर येतो, मालिकेच्या सुरुवातीला अक्षरं नाचत येतात. यातलं प्रत्येक काम कुणाच्या तरी हातचं असतं. रेषा, रंग, शब्द यांची जाण आणि जोडीला संगणक, अशी ही कामं.

आपल्याकडे हे अगदीच नवं आहे असंही नाही. कवी आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला आणि असंख्य लोकांनी संगणकावरचं मराठी त्याच अक्षरांत वाचलं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये आणि मुंबईच्या आयआयटीतलं डिझाइनचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. तिथली पदवी असली तर उत्तमच. पण पदवी असो वा नसो, नोकरी देणारा माणूस अर्ज हातात घेऊन शेवटी आजीचाच प्रश्न विचारतो : बाई, तू नक्की करतेस तरी काय?

अर्ज म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर. आणि गंमत अशी की, दोन-दोन पानं भरली तरी नेमकं तेच उत्तर त्यात सापडत नाही!

हा लग्नाचा बायोडेटा नव्हे

आपल्या घरांत 'बायोडेटा' हा शब्द दोन कामांसाठी वापरला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. जन्मतारीख, वडिलांचा हुद्दा, भावंडं किती, विवाहित की अविवाहित, छंद : वाचन आणि प्रवास. हे सगळं सवयीने नोकरीच्या अर्जातही उतरतं. त्याची काही गरज नसते. नाव, गाव, फोन, ई-मेल आणि आपलं काम जिथे पाहता येईल ती लिंक, एवढं वर लिहिलं की पुरे. मागितला नसेल तर फोटोही नको. आधार क्रमांक तर अर्जावर कधीच लिहू नये.

लग्नाच्या जाहिरातीतली दुसरी सवय म्हणजे विशेषणं. तिथे 'सुस्वरूप, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष'. इथे 'क्रिएटिव्ह, पॅशनेट, टीम प्लेयर'. वाचणाऱ्याच्या पुढ्यात असे शंभर अर्ज असतील, तर त्यातल्या बहुतेक सगळ्याजणी क्रिएटिव्ह आणि पॅशनेट असणार. मग त्याने निवड कशी करावी? स्वयंपाक उत्तम येतो असं सांगणारी एक आणि वाटीत आमटी घेऊन येणारी दुसरी. तुम्ही कोणाला ठेवून घ्याल?

वहीवरच्या चौकटी

याचं एक फार सुंदर उदाहरण अमेरिकेतलं आहे. सुझान केअर ही कलेत डॉक्टरेट मिळवलेली तरुण शिल्पकार. १९८२ मध्ये तिच्या शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. तो ॲपल कंपनीत मॅकिंटॉश नावाच्या नव्या संगणकावर काम करत होता आणि त्या संगणकाच्या पडद्यासाठी छोटी छोटी चित्रं हवी होती. सुझानला संगणकाचा काही अनुभव नव्हता. तिने काय केलं? चौकटी आखलेली वही विकत आणली आणि एकेक चौकट रंगवत चित्रं काढायला सुरुवात केली. उभ्या बत्तीस आणि आडव्या बत्तीस चौकटींत एक चित्र बसवायचं. म्हणजे एकूण एक हजार चोवीस ठिपके!

आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीची किंवा दुसुतीवरच्या भरतकामाची आठवण झाली ना? सुझानलाही तसंच वाटलं होतं. ही चित्रं काढताना आपल्याला भरतकामाची, विणकामाच्या नमुन्यांची आणि मोझेकची आठवण येई, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं आहे. तिची आई हस्तकलेची हौशी होती. १९८३ च्या सुरुवातीला ती ॲपलमध्ये रुजू झाली आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा त्याच्या पडद्यावरची कचऱ्याची टोपली, रंगाची बादली, हसरा संगणक ही सारी तिच्या हातची होती. त्या काळातली तिची रेखाटनं आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

ओळख होती म्हणून तिला फोन आला, हे खरंच. पण ओळखीने दार उघडलं तरी हातात काय आहे ते दाखवावं लागतंच. तिच्याजवळ संगणकाचं प्रमाणपत्र नव्हतं. तिच्या कामाचा नमुना मात्र होता, आणि तोही नेमका त्या कामाचा.

'आम्ही केलं' की 'मी केलं'?

आता आपल्या बायकांच्या एका खास अडचणीबद्दल. घरात मंगळागौर पार पडते, चाळीस माणसं जेवून जातात. कोणी कौतुक केलं तर आपण काय म्हणतो? "छे हो, सगळ्यांनी मिळून केलं." घरात हे बोलणं शोभून दिसतं. अर्जात मात्र तेच नडतं. 'संस्थेची वेबसाइट तयार करण्यात सहभाग होता.' सहभाग म्हणजे काय? चित्रं काढलीत, मजकूर लिहिलात, की नुसत्या बैठकींना हजर होतात? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. चार वर्षांचं काम 'सहभाग' या एका शब्दात पुरलं जातं.

उलट टोकही वाईटच. दहाजणांनी केलेल्या कामावर एकटीचं नाव घातलं, तर मुलाखतीतला दुसराच प्रश्न उघडं पाडतो. 'हा रंग का निवडला?' याला उत्तर नसतं. शिवाय हे क्षेत्र लहान आहे. त्या दहातली एखादी व्यक्ती समोरच बसलेली असू शकते. म्हणून नियम सोपा ठेवावा : आपलं तेवढं पुरेपूर, दुसऱ्याचं कणभरही नाही. आणि क्रियापद नेहमी स्पष्ट : आखलं, लिहिलं, काढलं, तपासलं, दुरुस्त केलं.

हे दोन नमुने पाहा.

आधी : 'दवाखान्याच्या ॲपवर काम केले. कष्टाळू व सर्जनशील.'

नंतर : 'दवाखान्याच्या ॲपमध्ये डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी सात स्क्रीन ओलांडाव्या लागत. मी मांडणी बदलून त्या तीन केल्या. आठ वयस्कर माणसांच्या हातात फोन देऊन तपासलं. त्यानंतर पुढे जाण्याचं बटण मोठं केलं. प्रोग्रॅमिंग दुसऱ्या सहकाऱ्याचं.'

दुसऱ्या नमुन्यात कष्टाळू हा शब्द नाही. पण बाई कष्टाळू आहे, डोळस आहे आणि खरं बोलणारी आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

रेझ्युमे : एक पान, साधं पान

चित्रकलेचा हात असला की रेझ्युमेवरच सगळी कला ओतावीशी वाटते. दोन रकाने, रंगीत पट्ट्या, फुलांची किनार! इथे जरा आवरतं घ्यावं. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो, माणूस नंतर. चित्रात गुंफलेली अक्षरं संगणकाला पुष्कळदा वाचता येत नाहीत आणि दोन रकान्यांची ओळ इकडची तिकडे होते. घरच्या घरी परीक्षा करून बघा : रेझ्युमेतला सगळा मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये टाका. तिथे तो नीट क्रमाने वाचता आला तर ठीक. खिचडी झाली तर मांडणी बदला.

नवशिकीला आणि पाच-सात वर्षांच्या अनुभवापर्यंत एक पान पुरतं. क्रम असा ठेवावा : वर नाव, संपर्क आणि कामाची लिंक, मग दोन ओळींत आपण काय करतो, मग कामं, सर्वांत अलीकडचं आधी, मग येणारी सॉफ्टवेअर, शेवटी शिक्षण. दहावीचे टक्के अनुभवी बाईने लिहायची गरज नाही.

सॉफ्टवेअरपुढे पट्ट्या काढून 'फोटोशॉप ८० टक्के' असं लिहिण्याची एक पद्धत दिसते. मला पुरणपोळी ऐंशी टक्के येते, असं कोणी म्हणतं का? त्यापेक्षा कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या कामासाठी वापरलं ते लिहावं. आणि जाहिरातीत जे शब्द असतील, ते आपल्याला खरोखर येत असतील तर त्याच शब्दांत लिहावेत. त्यांनी 'मोशन ग्राफिक्स' म्हटलं असेल आणि तुम्ही 'हलती चित्रं' लिहिलंत, तर संगणकाला काय कळणार?

पोर्टफोलिओ : ताट वाढावं तसं

या क्षेत्रात खरा कस लागतो तो पोर्टफोलिओचा, म्हणजे आपल्या कामांच्या संग्रहाचा. घरातले सगळे पदार्थ एकाच ताटात वाढत नाहीत ना? तसंच इथे. वीस बऱ्यापैकी कामांपेक्षा पाच उत्तम कामं ठेवावीत. सर्वांत चांगलं काम सर्वांत आधी, कारण पाहणारा शेवटपर्यंत थांबेलच असं नाही. ॲनिमेशनची रील असेल तर एक ते दोन मिनिटांची पुरे.

प्रत्येक कामाखाली चार गोष्टी लिहाव्यात : काम कोणासाठी होतं, अडचण काय होती, त्यात माझा वाटा कोणता, आणि शेवटी काय झालं. नुसतं सुबक चित्र दाखवून भागत नाही. त्यामागची कच्ची रेखाटनं, टाकून दिलेला एखादा विचार आणि तो का टाकला, हेही दाखवावं. नोकरी देणाऱ्याला तुमचा विचार करण्याचा रस्ता बघायचा असतो.

अनुभवच नसेल तर? मग स्वतःच काम काढावं. गावच्या बस स्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक नीट वाचता येत नाही, तो नव्याने मांडून दाखवा. आजीला औषधाच्या वेळा लक्षात राहत नाहीत, तिच्यासाठी चित्रांचा तक्ता करा आणि तिने तो आठवडाभर वापरला तेव्हा काय घडलं ते लिहा. मात्र हे काम स्वतः होऊन केलेलं आहे, कोणी पैसे देऊन करवलेलं नाही, हे स्पष्ट नोंदवावं.

दोन पथ्यं सांभाळावीत. जुन्या मालकाचं गुपित असलेलं काम परवानगीशिवाय जाहीरपणे मांडू नये. आणि एआयच्या साधनांची मदत घेतली असेल तर किती आणि कुठे ते सांगून टाकावं. लपवलेली गोष्ट पुढे कळली, तर बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

कव्हरिंग लेटर : त्यांना काय हवं आहे?

रेझ्युमे सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच जातो. सोबतचं पत्र मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं हवं. याचा धडा पाचशे वर्षांपूर्वीच्या एका उमेदवाराकडून घ्यावा. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या नावे लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही मिलानमध्ये जतन केलेला आहे. लिओनार्दो चित्रकार, पण लुदोविकोला लढायांची चिंता. म्हणून पत्रात आधी हलके, उचलून नेता येणारे पूल, वेढ्याच्या युक्त्या, भुयारं, तोफा यांची क्रमवार यादी आहे. शांततेच्या काळात इमारती आणि पाण्याचे पाट बांधीन, हे नंतर. शिल्प आणि चित्र येतात अगदी शेवटाकडे. शिवाय शंका असेल तर प्रत्यक्ष करून दाखवतो, अशीही तयारी आहे. 'मला काय आवडतं' यापेक्षा 'तुम्हाला काय हवं आहे' हे त्याने पुढे ठेवलं.

पत्र चार लहान परिच्छेदांत संपवावं. समजा, एक कंपनी मुलांसाठी मराठी गोष्टींचं ॲप चालवते आणि तिला ॲनिमेशन करणारी व्यक्ती हवी आहे. मग पत्र असं लिहिता येईल :

'नमस्कार,

आपल्या ॲपमधल्या गोष्टी मी माझ्या मुलाबरोबर रोज रात्री पाहते. पान उलटतानाचा आवाज त्याला फार आवडतो. लहान फोनवर जोडाक्षरं मात्र दाटीवाटीने दिसतात, हे त्याला वाचायला शिकवताना जाणवलं.

मी ॲनिमेशन करते. लहान मुलांच्या एका मालिकेसाठी मी चार वर्षं पात्रांच्या हालचालींचं काम केलं. सोबतच्या रीलमधली पहिली तीन दृश्यं त्यातली आहेत. पात्रांची चित्रं दुसऱ्या कलावंताची, हालचाल माझी.

२०१९ ते २०२४ या काळात मुलाच्या संगोपनासाठी मी नोकरी केली नाही. त्यानंतर ब्लेंडर शिकून चाळीस सेकंदांची एक गोष्ट पूर्ण केली. तिची चित्रं, हालचाल आणि अक्षरं सर्व माझी आहेत. लिंक खाली दिली आहे.

आपल्या नव्या गोष्टींसाठी काम करायला मला आवडेल. आपल्या सोयीच्या वेळी भेटायला येऊ शकेन.'

यात विनवणी नाही, बढाई नाही. 'मला एक संधी द्या, मी तिचं सोनं करीन' हे वाक्य तर मुळीच नाही. अर्ज बहुधा इंग्रजीत जाईल. पण आधी मराठीत लिहून काढा. सांगायचं काय आहे ते आपल्या भाषेत स्पष्ट झालं की इंग्रजी वाक्यंही आखूड आणि स्वच्छ उतरतात. एआयकडून शुद्धलेखन तपासून घ्यायला हरकत नाही. पण सगळं पत्रच त्याच्यावर सोपवलं, तर ते इतर पन्नासजणींच्या पत्रांसारखंच होईल. मुलाला जोडाक्षरं वाचताना अडलं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मधली वर्षं

पत्रातला तिसरा परिच्छेद पुन्हा वाचा. बाळंतपण, मुलांचं लहानपण, सासूबाईंचं आजारपण. यात गेलेली वर्षं लिहिताना पुष्कळजणींचा हात अडखळतो. कोणी तारखा गाळतात, कोणी नसलेली फ्रीलान्स कामं घालतात. काही करू नये. वर्षं लिहावीत, कारण एका ओळीत लिहावं आणि पुढच्याच वाक्यात आता काय करता ते सांगावं. माफी मागायची नाही आणि लांबण लावायची नाही. लिंक्डइननेही २०२२ पासून कारकिर्दीतला असा खंड कारणासह नोंदवण्याची सोय केली आहे. ब्लेंडर मोफत मिळतं. दुपारचे दोन तास आणि बरा संगणक असला तर हात पुन्हा चालता करता येतो. एक लहानसं पूर्ण काम दहा प्रमाणपत्रांना भारी पडतं.

पाठवण्यापूर्वी

फाइल पीडीएफ करावी आणि तिला स्वतःचं नाव द्यावं. 'फायनल नवीन २' असं नको. लिंक दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून पाहावी, कारण आपल्या फोनवर उघडणारी लिंक पुष्कळदा इतरांना कुलूपबंद दिसते. ई-मेलचा पत्ता साधा, नावाचा असावा. कंपनीचं नाव बरोबर लिहिलंय ना, ते दोनदा बघावं. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे विचारावं, रोज नाही.

आणि सावध राहा. नोकरी लावण्यासाठी 'डिपॉझिट' किंवा 'ट्रेनिंग फी' मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. परीक्षा म्हणून थोडं काम करून मागणं ठीक. पण फुकटात आख्खी जाहिरात करून मागितली, तर मोबदला विचारायला लाजू नये.

चार संध्याकाळी

एका बैठकीत हे होत नाही, म्हणून चार संध्याकाळी काढाव्यात. पहिल्या दिवशी आजवर केलेल्या सगळ्या कामांची यादी, लहानमोठं न बघता. दुसऱ्या दिवशी प्रत्येकापुढे 'यात मी काय केलं' ते एका ओळीत. तिसऱ्या दिवशी त्यातली पाच निवडून पोर्टफोलिओ. चौथ्या दिवशी एका जाहिरातीसाठी एक पत्र. मग ते घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमच्या कामातलं काही कळत नाही. वाचून झाल्यावर तुम्ही काय करता हे त्याला दोन वाक्यांत सांगता आलं, तर अर्ज तयार झाला समजा.

पहिल्याच अर्जाला होकार येईल असं नाही. पुष्कळ ठिकाणांहून तर नकारही येणार नाही, नुसती शांतता. पण ती यादी तुमच्याजवळ राहते. इतकी वर्षं 'सगळ्यांनी मिळून केलं' म्हणून सोडून दिलेलं आपलं काम एकदा आपल्याच अक्षरांत कागदावर उतरलेलं बघा. आज जेवणं आटोपली की वही घ्या आणि पहिली ओळ लिहा : 'मी...'